तेलाचा रंग

आमच्या इंदूरच्या घराच्या अंगणात, जुन्या कडुनिंबाखाली, एक मोटार उभी असे. ती शेव्हरोलेची १९६३ सालची इम्पाला होती. लांबी सव्वापाच मीटरांहून अधिक, रंग आकाशी, आणि मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला, पेट्रोल महाग झाले आणि अशा अवाढव्य गाड्या पोसणे अनेकांना जड जाऊ लागले. एका कारखानदाराने ती विकायला काढली आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, १९७४ साली ती घेतली. अण्णा डॉक्टर होते. त्यांच्या साधेपणाला न शोभणारी एवढी एकच वस्तू आमच्या घरात होती.

या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलत. ‘पॉवरग्लाइड’ नावाचा हा स्वयंचलित गिअरबॉक्स शेव्हरोलेने १९५०च्या मॉडेलांपासून बसवायला सुरुवात केली. त्यात पुढे जाण्याचे गिअर दोनच. आईला याचे मोठे अप्रूप होते. “हिला माणसाच्या मनातलं कळतं,” असे ती म्हणे. अण्णांच्या शेजारच्या आसनावर ती पस्तीस वर्षे बसली. २०१० सालच्या मे महिन्यात ती गेली आणि ते आसन रिकामे झाले.

आईचे माहेर महेश्वरचे. अहिल्याबाईंनी जिथून राज्य केले त्या महेश्वरच्या घाटावरच तिच्या अस्थी नर्मदेत सोडल्या होत्या. वर्षश्राद्धही तिथेच करायचे असे अण्णांनी ठरवले आणि जायचे ते याच गाडीने, हेही ठरवले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. इंदूरहून महेश्वर नव्वद किलोमीटरांच्या आसपास. जाताना रस्ता माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरतो आणि परतताना विंध्याचा तोच घाट चढावा लागतो. मे महिन्यातले ऊन, मालमोटारींची रांग आणि अठ्ठेचाळीस वर्षांची गाडी. दादाने, माझ्या थोरल्या भावाने, भाड्याच्या गाडीचा विषय काढून पाहिला. अण्णांनी उत्तरच दिले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी तपासायला उस्ताद आले. आमच्या भागात मोटारीच्या कारागिराला उस्ताद म्हणतात. हे उस्ताद वीस वर्षांपासून आमची गाडी सांभाळत होते. शाळेत ते चौथीपर्यंत गेले होते. इंजिन चालू ठेवून त्यांनी गिअरबॉक्समधली तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडके नाकाशी नेले. मग ते माझ्याकडे आले. अण्णा आत वामकुक्षी घेत होते.

“दीदी, तेल जल गया है,” ते म्हणाले. “डॉक्टरसाहब से कहना, इसे घाट पर न ले जाएँ.”

त्यांनी फडके माझ्यासमोर धरले. या तेलाला कारखान्यातच लाल रंग देतात, म्हणजे गळती झाली तर ती इंजिन-तेलाची की गिअरच्या तेलाची हे ओळखता येते. फडक्यावरचा डाग मात्र तपकिरी होता आणि त्याला करपलेला वास येत होता. मी मान डोलावली. उस्ताद सायकलवर बसून निघून गेले.

मी हे अण्णांना सांगितले नाही.

त्याची कारणे मी नंतर पुष्कळ शोधली. अण्णांचे मन मोडू नये, हे एक कारण खरे होते. परंतु ते एकच नव्हते. कारागीर माणूस काहीतरी खोट काढणारच, त्याशिवाय त्याचे बिल कसे व्हायचे, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला होता. मी महाविद्यालयात मराठी शिकवीत होते. श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्याने देत होते. आणि वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाचा शब्द मी केवळ त्याच्या हाताला काळे लागलेले असते म्हणून हलका मानला.

श्राद्ध यथासांग झाले. परतताना ऐन दुपारी आम्ही घाटाला लागलो. पुढे लोखंडाच्या सळ्यांनी भरलेली मालमोटार माणसाच्या चालीने चढत होती. अण्णा तिच्या मागे गाडी रेटत होते. अर्धा घाट चढल्यावर इंजिनाचा आवाज एकाएकी वाढला, पण गाडीचा वेग वाढेना. मग गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. दादाने खाली उडी मारून चाकामागे दगड लावला. बॉनेटखालून धूर येत होता. उकळून फेसाळलेले तेल नळीच्या तोंडातून बाहेर पडून तापलेल्या धुराड्यावर सांडले होते. मागच्या मालमोटारीच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून बरे. आमच्यात आणि तिच्यात हातभर अंतर उरले होते.

गाडी दोराने बांधून घरी आणली. अण्णा वाटेत एकच वाक्य बोलले : “वीस वर्षं विश्वास ठेवला, आणि त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही.”

मी तेव्हाही गप्प राहिले.

उस्तादांना पुन्हा बोलावले गेले नाही. दुसऱ्या एका कारागिराने गाडी पाहिली. हा गिअरबॉक्स फेकून द्यावा आणि क्लचचा साधा गिअरबॉक्स बसवावा, असे त्याने सुचवले. अण्णांनी त्याला चहा पाजून निरोप दिला. गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. तिच्यावर पानांचा थर साचला, मग पाऊस आला आणि पाने कुजून तिच्या आकाशी रंगावर डाग पडले. उस्ताद रोज सकाळी आमच्या फाटकावरून सायकलने जात. पूर्वी ते अण्णांना हात जोडत, आता मान खाली घालून जात. त्यांनी एकदाही थांबून सांगितले नाही, की मी सांगितले होते.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी चहा पिताना अण्णांनी खिडकीतून त्यांना जाताना पाहिले आणि तेच वाक्य पुन्हा उच्चारले. त्या वेळी मला राहवले नाही. मी सगळे सांगून टाकले. फडक्याचा रंग, वास, उस्तादांचे शब्द, आणि माझ्या मनात आलेला बिलाचा विचारसुद्धा.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “छत्री दे.”

भर पावसात आम्ही रिक्षाने उस्तादांच्या गॅरेजवर गेलो. अण्णांनी त्यांच्यासमोर हात जोडले. उस्तादांनी घाईघाईने ते हात धरले. मी क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, “गलती मेरी भी है, दीदी. बात डॉक्टरसाहब की थी, तो डॉक्टरसाहब को जगाकर कहनी थी.” त्यांनी दोषातला अर्धा वाटा आपणहून उचलला. तो त्यांचा नव्हता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

त्या दिवशी गॅरेजमधल्या बाकावर बसून उस्तादांनी आम्हाला दुखण्याचे मूळ समजावून दिले. साध्या गाडीत इंजिन आणि गिअर यांना क्लचची चकती जोडते. स्वयंचलित गाडीत हे काम तेल करते. समोरासमोर दोन पंखे ठेवावेत, एक सुरू करावा आणि त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागावा, तसे टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद डब्यात घडते. फरक इतकाच, की तिथे वाऱ्याच्या जागी तेल असते. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना दोन्ही पाती जवळजवळ सारख्याच गतीने फिरतात. पण चढावर, भार असताना आणि वेग मंद असताना, एक पाते जोरात फिरते आणि दुसरे मागे राहते. मधले तेल घुसळले जाते आणि तापते. इंजिनाची जी शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही, तिची उष्णता होते.

हे तेल थंड करण्याची सोय गाडीत होतीच. दोन पोलादी नळ्या गिअरबॉक्समधून रेडिएटरपर्यंत जातात. रेडिएटरच्या खालच्या टाकीत, पाण्यात बुडवलेला एक लहानसा कूलर असतो. तेल त्यातून फिरून परत येते. “मगर डॉक्टरसाहब,” उस्ताद म्हणाले, “घाट में पानी खुद उबल रहा है. जो खुद जल रहा हो, वो दूसरे को क्या ठंडा करेगा?”

अण्णा हसले. तीन महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिले.

तेल ठरावीक मर्यादेपलीकडे तापले, की त्याचा गुण झपाट्याने नष्ट होतो. साधारणपणे ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास ते दीर्घकाळ टिकते. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांनी त्याचे आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. करपलेल्या तेलाचा चिकट थर आतल्या भागांवर बसतो, रबराची सीले कडक होतात, चकत्या घसरू लागतात. घसरणाऱ्या चकत्या पुन्हा उष्णता निर्माण करतात. रोग रोगाला वाढवीत जातो. अण्णांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. अशी दुखणी त्यांनी जन्मभर पाहिली होती.

उस्तादांचा सल्ला दुहेरी होता. आधी गिअरबॉक्स उघडून चकत्या, पट्टे आणि सीले बदलायची. त्यानंतर तेलासाठी एक स्वतंत्र कूलर बसवायचा, जो पाण्याने नव्हे, तर समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होईल.

पहिल्या गोष्टीला अण्णा तयार झाले. दुसरीला मात्र त्यांनी नकार दिला. या गाडीला त्यांनी कधी वेगळा आरसासुद्धा लावू दिला नव्हता. “कारखान्यातून आली तशीच ती राहिली पाहिजे,” ते म्हणाले. “तुमच्या वहिनी बसायच्या, तीच ही गाडी आहे.”

उस्तादांनी वाद घातला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “एक छेद नहीं करूँगा. एक नली नहीं काटूँगा. जिस दिन आप कहेंगे, आधे घंटे में सब निकालकर हाथ में दे दूँगा.” मग त्यांनी अण्णांच्या चष्म्याकडे पाहिले आणि म्हणाले, “चश्मा भी तो बाहर से ही लगता है.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि होकार दिला.

सुटे भाग अमेरिकेहून यायचे होते. दादाचा मुलगा तिथे शिकत होता. तो दिवाळीला आला, तेव्हा त्याच्या सामानात फराळाच्या रिकाम्या डब्यांबरोबर चकत्यांचा संच आणि पुस्तकाएवढा एक ॲल्युमिनियमचा कूलर होता. त्याआधी दादाने भंगार बाजारातून एक जुना कूलर स्वस्तात आणला होता, तो उस्तादांनी परत पाठवला होता. जुन्या कूलरच्या बारीक वाटांत आधीच्या गाडीच्या झिजेचे धातूचे कण अडकलेले असतात. कितीही धुतले तरी ते पूर्ण निघत नाहीत आणि नव्या गिअरबॉक्समध्ये शिरून त्याची नासाडी करतात.

सुट्टीचे पाच दिवस मी गॅरेजवर जाऊन बसले. एखाद्या विद्यार्थिनीप्रमाणे वही घेऊन बसले, असे म्हटले तरी चालेल. उस्तादांनी प्रथम रेडिएटर उतरवला. त्याच्या आतल्या कूलरचे एक तोंड बंद केले, दुसऱ्यातून हवा भरली आणि तो पाण्याच्या हौदात बुडवला. बुडबुडे येतात का, हे ते कितीतरी वेळ पाहत राहिले. आतला कूलर जर झिजून फुटला, तर पाणी तेलात मिसळते, तेलाचा रंग गुलाबी दुधासारखा होतो आणि चकत्यांवरचा थर सुटून येतो. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यांनी जुन्या पोलादी नळ्या आतून धुतल्या. पहिल्यांदा काळे पाणी आले, दुसऱ्यांदा तपकिरी, चौथ्या खेपेस स्वच्छ.

आता प्रश्न होता तो नळी न कापता तेलाची वाट वळवण्याचा. दोन नळ्यांपैकी तेल नेणारी कोणती आणि परत आणणारी कोणती, हे आधी कळायला हवे. एका नळीचा जोड सैल करून, खाली भांडे धरून, उस्तादांनी इंजिन काही क्षणच चालू करायला लावले आणि धार कोठून येते ते पाहिले. मग लेथवाल्याकडून त्यांनी पितळेचे दोन जोड कातून घेतले. परत येणारी नळी रेडिएटरपाशी नुसती खोलली. रेडिएटरच्या तोंडाला एक जोड, नळीच्या टोकाला दुसरा, आणि दोहोंच्या मध्ये रबरी नळ्यांनी जोडलेला नवा कूलर. म्हणजे तेल आधी रेडिएटरमध्ये जाणार, तिथे पाण्याला जेवढी उष्णता देता येईल तेवढी देणार आणि उरलेली उष्णता वाऱ्यात सोडून घरी परतणार.

रबरी नळीबाबत ते फार काटेकोर होते. पाण्याची नळी गरम तेलाने फुगते आणि मऊ पडते, म्हणून गिअरच्या तेलासाठीच बनवलेली नळी त्यांनी शोधून आणली. जोडाच्या टोकाला कंगोरा ठेवून घेतला, कारण गुळगुळीत टोकावरून नळी दाबाने निसटू शकते. पट्टी आवळतानाही त्यांनी शिष्याला बजावले, की ढिली पट्टी जितकी वाईट, तितकीच रबर कापणारी घट्ट पट्टीही वाईट. कूलर रेडिएटरच्या जाळीतून खिळे घालून बसवण्याची सोपी पद्धत त्यांनी वापरली नाही. तसे केल्यास गाडीच्या हादऱ्यांनी जाळी घासून फाटते. रेडिएटरच्या चौकटीला आधीपासून जे बोल्ट होते, त्यांनाच लोखंडी पट्ट्या अडकवून त्यांनी कूलर रेडिएटरपुढे, बोटभर अंतर ठेवून, टांगला. गाडीला खरोखरच एकही नवे भोक पडले नाही.

शेवटी नवे तेल भरले. नव्या कूलरमुळे ते नेहमीपेक्षा थोडे जास्त लागले. गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये असताना पट्टीवर पातळी पाहिली. सर्व नळ्यांखाली जुने वर्तमानपत्र अंथरून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी उस्तादांनी कागद उचलून अण्णांच्या हातात दिला. त्यावर एकही थेंब नव्हता. अण्णांनी तो घडी करून जपून ठेवला.

पुढच्या वर्षी, २०१२च्या मे महिन्यात, आम्ही पुन्हा महेश्वरला गेलो. या वेळी उस्ताद बरोबर होते. परतताना घाटाच्या पायथ्याशी त्यांनी अण्णांना गिअरचा दांडा खालच्या वेगावर आणायला सांगितला. मंद चढावर वरचा वेग धरून राहिले, की तेल अधिक घुसळले जाते. गेल्या वर्षी आम्ही तीही चूक केली होती. मालमोटारी तशाच होत्या, ऊन तसेच होते. ज्या वळणावर गाडी थांबली होती ते वळण आले आणि कोणी काही न बोलता आम्ही ते मागे टाकले.

घाटमाथ्यावर अण्णांनी गाडी सावलीत घेतली. इंजिन चालू ठेवूनच ते खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडले, पट्टी काढली आणि खिशातला पांढरा रुमाल तिच्यावरून फिरवला. रुमालावर डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल डाग उमटला. त्यांनी तो नाकाशी नेला, उस्तादांनी न्यायचे तसा. मग रुमाल माझ्या हातात दिला. तो आजही माझ्या कपाटात आहे.

अण्णा २०१६ साली गेले. गाडी दादाकडे आहे. कूलर काढून टाकायला कोणी कधी सांगितले नाही.

मी आता पाठ्यपुस्तकांच्या कामात असते. मध्यंतरी एका पुस्तकाच्या छपाईच्या आदल्या दिवशी अक्षरजुळणी करणारा एक तरुण माझ्याजवळ आला. संकोचून म्हणाला, “मॅडम, माझं शिक्षण फार नाही. पण या पाठात एका ठिकाणी सन चुकल्यासारखं वाटतंय.” चार तज्ज्ञांनी तपासलेला पाठ होता. सगळे थकले होते आणि काम संपल्याच्या आनंदात होते. क्षणभर मीही मान डोलावून पुढे जाणार होते.

मग मला फडक्यावरचा तो तपकिरी डाग आठवला. मी त्याला खुर्ची दिली, पान उघडायला सांगितले आणि अध्यक्षांना दूरध्वनी लावून म्हणाले, “छपाई थांबवा. आपल्या जुळणीकारांना एक चूक सापडली आहे. ते स्वतःच तुम्हाला सांगतील.” आणि दूरध्वनी मी त्याच्या हातात दिला.